लेण्यांतले वानर आणि आमच्या तुरीतले

(द्वितीय वर्ष कला)

सहल झाली की वार्षिक अंकात तिचे वर्णन यायचेच, हा आपल्या महाविद्यालयाचा शिरस्ता आहे. पहाटेची एस.टी., गाण्याच्या भेंड्या, कुणाला तरी बस लागणे, सरांची शिरगणती आणि शेवटच्या ओळीत 'अविस्मरणीय' हा शब्द! मीही तसेच लिहायला बसले होते. दोन पाने लिहून झाली आणि मग फाडून टाकली. गेल्या डिसेंबरात इतिहास विभागाची सहल अजिंठ्याला गेली, तेव्हापासून माझ्या डोक्यात जे घोळते आहे ते चित्रांविषयी कमी आणि तिथल्या वानरांविषयी जास्त आहे. त्यावरून मैत्रिणींशी माझे बिनसले, घरी मायचे बोलणे ऐकून घ्यावे लागले, आणि दोन्ही वेळा मी गप्प बसले. तेव्हा जे बोलायचे राहिले ते आता लिहिते आहे.

(आधी 'आई' असेच लिहिले होते. पण घरी मी तिला माय म्हणते. छापायचे म्हणून तिला आई करणे बरे वाटेना, तेव्हा माय हेच ठेवले आहे.)

सुरुवातीलाच एक कबुली देते. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशीच माझे गाव आहे. लेणी आमच्यापासून पस्तीस किलोमीटरही नसतील. तरी एकोणीस वर्षांत मी ती पाहिली नव्हती. आमच्या घरात कुणीच पाहिलेली नाहीत. बाबा कापूस घेऊन फर्दापूरच्या फाट्यावरून कितीदा गेले असतील, पण आत वळले नाहीत. लेणी ही लांबून आलेल्या पाहुण्यांनी पाहायची गोष्ट, असेच आमच्याकडे धरून चालतात. सरांनी सहलीची यादी फिरवली तेव्हा "तू तर तिकडचीच, तुला काय नवीन?" असे एक मैत्रीण म्हणाली. मी नुसती हसले. पाहिली नाहीत हे सांगायची लाज वाटली.

लेणी पाहिली नव्हती, पण वानर मात्र मी जन्मापासून पाहते आहे. काळ्या तोंडाचा, राखाडी अंगाचा, अंगापेक्षा लांब शेपटीचा. आमची जमीन तीन एकर, डोंगराला लागून. पावसाळ्यात मका आणि कापूस, कडेने तूर, आणि पाणी पुरले तर हरभरा. मार्गशीर्षात तुरीच्या शेंगा भरल्या की टोळी डोंगर उतरते. पंचवीस-तीस जण असतात. सकाळी एकदा आणि दिवस कलायच्या आधी एकदा. नुसते खातात असे नाही. एक शेंग सोलतात, चार तोडून टाकतात, फांदीवर बसून फांदी मोडतात. एका सकाळी राखणीला जायला उशीर झाला तर चार ओळी साफ झालेल्या मी पाहिल्या आहेत. म्हणून सुगीच्या दिवसांत आमच्या घरातले एक माणूस कायम माळ्यावर असते. दहावीचा भूगोल मी त्या माळ्यावर बसून पाठ केला. डबा वाजवायचा, ओरडायचे, फारच झाले तर फटाका लावायचा. मायच्या हातात गोफण असते. तिचा नेम असा की, दगड वानराला न लागता त्याच्या बुडाखालच्या फांदीला लागतो. पोटाशी पिल्लू असलेल्या मादीकडे मात्र ती गोफण फिरवत नाही. "लेकुरवाळी आहे, जाऊ दे," एवढेच म्हणते.

एवढे सांगितल्यावर आता सहलीकडे येते.

फर्दापूरच्या फाट्यावर आपली एस.टी. थांबते आणि पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने जावे लागते. बसमधून उतरून पायऱ्या चढायला लागलो. दोन्ही बाजूंना रंगीत खड्यांचे, स्फटिकांचे विक्रेते, म्हाताऱ्या माणसांना वर नेणारे डोलीवाले. आणि एका वळणावर कठड्यावर ते बसले होते. आठ-दहा असतील. शेपट्या कठड्यावरून खाली सोडलेल्या, देवळातल्या घंटांच्या दोऱ्यांसारख्या एका ओळीत. माझा हात आपोआप खाली गेला. दगड उचलायला! कुणाच्या लक्षात आले नाही, पण माझे मला आले आणि मी ओढणी सारखी करत असल्यासारखे केले.

त्या कठड्यासमोर आम्ही अर्धा तास थांबलो. सर पुढे जाऊन ओरडत होते तरी कुणी हलेना. आणि मी काय पाहिले सांगू? एका मादीच्या मांडीत अगदी नवे पिल्लू होते. नव्या पिल्लाचा रंग मोठ्यांसारखा राखाडी नसतो, काळपट तपकिरी असतो, आणि त्या काळ्या अंगातून दोन गुलाबी कान बाहेर आलेले. दुसरी एक मादी जवळ सरकली, हात लांब केला, आणि आईने ते पिल्लू चक्क तिच्या हवाली केले! मग तिसरी आली. पिल्लू हातोहात फिरले, जसे आमच्या गल्लीत बारशाला फिरते. एका मावशीने त्याला उलटे धरले तेव्हा ते किंचाळले, आणि आईने जराही घाई न करता उठून ते परत घेतले. शेजारी एक अर्धवट वयाचा पोर आपल्या बापाच्या शेपटीला लोंबकळत होता. बाप म्हणजे हुप्प्या, टोळीचा मालक. त्याने एकदा मान वळवून पाहिले आणि पुन्हा दरीकडे तोंड केले.

मला जे वाटले ते कसे सांगावे कळत नाही. इतकी वर्षे मी वानर पाहत होते, पण वानर दिसला की उठायचे, ओरडायचे, धावायचे. बसून कधी पाहिलाच नव्हता. हातात दगड नसताना पाहण्याची ही पहिलीच वेळ. पिल्लाला गुलाबी कान असतात हे मला एकोणिसाव्या वर्षी कळले, तेही घरच्या शेतात नव्हे, तिकीट काढून.

तेवढ्यात कुणीतरी बिस्किटांचा पुडा फोडला. एकीने दिले, दुसरीने दिले, मोबाइल निघाले. "तू पण दे ना, फोटो काढते," असे म्हणून मैत्रिणीने माझ्या हातात बिस्किट ठेवले. आणि मी दिले. त्या मादीने हात पुढे केला, हिसकावले नाही, बोटांनी अलगद उचलून घेतले. तिचा तळवा काळा, कोरडा आणि फार मऊ होता. मी हसत होते. फोटोत तसे स्पष्ट दिसते.

मग लेणी पाहिली. चित्रांविषयी दुसऱ्या कुणीतरी लिहिले असेलच, तेव्हा मी दोनच गोष्टी सांगते. दहाव्या लेण्यात सरांनी आम्हांला एक खांब दाखवला. 28 एप्रिल 1819 या दिवशी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघोरा नदीच्या या दरीत आला, त्याला लेण्यांची कमान दिसली, आणि आत येऊन त्याने चित्रावर आपले नाव कोरले. वाघ शोधायला आला आणि नाव खरवडून गेला. म्हणजे पाहुण्यांचा हा स्वभाव तेव्हापासूनचा!

दुसरी गोष्ट सतराव्या लेण्यातली. चपला बाहेर काढून आत गेलो. उजेड बेताचाच, भिंतीतून चित्र वर यायला डोळ्यांना थोडा वेळ लागतो. सर म्हणाले, "बाहेर वानर पाहून आलात ना? आता इथले पाहा." या एकाच लेण्यात महाकपीच्या दोन जातककथा रंगवलेल्या आहेत. पहिलीत नदीकाठच्या आंब्यावर वानरांचा राजा आपल्या कळपासह राहतो. एक आंबा पाण्यातून वाहत जातो, काशीचा राजा तो चाखतो आणि झाड शोधत येतो. रात्री वानर आंबे खाताना पाहून तो तिरंदाजांना झाडाभोवती उभे करतो. तेव्हा वानरराज नदीपलीकडे झेप घेतो, कमरेला वेत बांधतो, आणि वेत अपुरा पडतो तिथे स्वतःच्या अंगाचा पूल करतो. सगळा कळप त्याच्या पाठीवरून पार होतो. शेवटचा वानर मुद्दाम जोराने उडी मारून त्याला घायाळ करतो. हे पाहून राजाला लाज वाटते, आणि तो वानरराजाला खाली उतरवून त्याची सेवा करतो.

दुसऱ्या कथेत एक माणूस हरवलेली गुरे शोधत रानात भटकतो आणि खोल कड्याखाली पडतो. वानर त्याला पाठीवर घेऊन वर काढतो आणि दमून झोपतो. भुकेला माणूस दगड उचलतो आणि त्याच्या डोक्यात घालतो. वानर मरत नाही. तो त्याला शिव्याशापही देत नाही. रानातून बाहेर पडायची वाट दाखवतो, पण आता तो माणसाच्या जवळ येत नाही. माणूस खालून चालतो आणि वानर वरून, फांद्याफांद्यांनी.

बाकीच्या मुली "किती छान!" म्हणत पुढे गेल्या. मी मागे राहिले. हरवलेली गुरे शोधणारा माणूस म्हणजे आमच्यापैकीच कुणीतरी की! आणि पहिल्या कथेतले मूळ भांडण तरी काय आहे? झाडावरचे फळ कुणाचे, हेच ना? दीड हजार वर्षांपूर्वी त्या चित्रकाराने आमच्या बांधावरचे भांडण रंगवून ठेवले होते आणि मी पस्तीस किलोमीटरवर राहून ते पाहिले नव्हते.

दुपारी परत त्याच पायऱ्यांनी उतरलो. सकाळची टोळी आता गर्दीच्या जागी आली होती. दूरच्या गावाचे एक कुटुंब चालले होते. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या हातात वेफर्सची पिशवी. कठड्यावरून एक मादी उतरली, सरळ मुलाकडे गेली, एका हाताने त्याचा सदरा धरला आणि दुसऱ्याने पिशवी ओढली. मूल पडले. गुडघा फुटला, मोठा आकांत झाला. मादीने कठड्यावर बसून पिशवीचे वरचे टोक दातांनी सफाईने फाडले आणि खायला लागली. हे ती आज शिकली नव्हती. मुलाचा बाप दात ओठ खात धावला. एका खडेवाल्याने दगड मारला. तो तिच्या खांद्यावर बसला, आवाज आला. ती ओरडून दरीत उतरली. सकाळी माझ्या हातून बिस्किट घेणारी तीच होती का, हे मला सांगता येणार नाही. मला तरी तीच वाटली.

त्या खडेवाल्याला आमच्यातली एक म्हणाली, "काका, मुक्या जनावराला असे मारतात का?" तो चिडला नाही. मांडलेले खडे पुन्हा नीट लावत म्हणाला, "ताई, खाऊ घालणारे संध्याकाळच्या गाडीनं जातेत. आम्ही रोज इथंच ऱ्हातो."

परतीच्या बसमध्ये याचीच चर्चा. मी म्हणाले, "आमच्याकडे तर रोज गोफण चालते." एकदम शांतता! मग एक जण म्हणाली, "शी! किती क्रूर असता गं तुम्ही लोक." 'तुम्ही लोक' हे दोन शब्द मला लागले. उत्तर द्यायला हवे होते. पण माझाच बिस्किट देतानाचा फोटो तोपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर गेलेला, आणि त्याखाली सगळ्यांनी लाल बदाम टाकलेले. कोणत्या तोंडाने बोलणार?

तो फोटो भावाच्या मोबाइलवरही आला. मी रात्री घरी पोचले तर माय चुलीपुढे बसून तोच पाहत होती. मला वाटले कौतुक करील. तिने फोटो जवळ धरला, लांब धरला आणि म्हणाली, "तिकडं तू खाऊ घालू राहिली, अन् इकडं मी सकाळधरून घसा फोडू राहिले. आज दोन ओळी गेल्या." मग थोड्या वेळाने, "पिल्लू मात्र गोड हाय गं."

ही एवढी हकीकत. आता माझे मत सांगते. पटले नाही तर पुढच्या अंकात जरूर खोडून काढावे.

वानराला बिस्किट देणे ही दया नाही, असे माझे मत झाले आहे. ती आपली हौस आहे. मला त्या वेळी काय हवे होते? त्या मऊ हाताचा स्पर्श, आणि फोटो. वानराला भूक होती की नाही हे मी पाहिलेही नव्हते. तो कठड्यावर निवांत बसला होता, समोर सगळे रान होते. आपण त्याला दिले, कारण दिल्याशिवाय तो जवळ येत नाही. म्हणजे बिस्किट ही जवळ येण्याची मजुरी झाली.

सहलीनंतर मी कनिष्ठ महाविद्यालयातल्या जीवशास्त्राच्या मॅडमना विचारले. त्या म्हणाल्या, या काळ्या तोंडाच्या वानराचे पोट आपल्यासारखे नसते. तो मुख्यतः पाला, कळ्या, फळे, बिया खाणारा. त्याच्या जठराचे कप्पे असतात आणि गाईच्या पोटात वैरण आंबते तसा त्याच्या पोटात पाला आंबून पचतो. लाल तोंडाच्या माकडाचे तसे नसते. हे ऐकल्यावर मला जास्त समजावायची गरज पडली नाही. आमच्याकडे गाय चुकून धान्याच्या राशीत शिरली आणि भरपूर धान्य खाल्ले तर रात्रभर सगळे घर जागे असते. पोट फुगते, जनावर हातचे जाते. गाईच्या तोंडाशी कुणी हौसेने बिस्किटांचे पुडे रिकामे करील का? मग त्याच तऱ्हेच्या पोटाच्या वानरापुढे मैदा, साखर आणि मीठ का ओततो? आणि चावला तर काय, हाही प्रश्न आहेच. अशा चाव्यानंतर जखम धुऊन रेबीजच्या सुया घ्याव्या लागतात. त्या वेळी चावणाराच दोषी ठरतो.

आता कुणी म्हणेल, अजिंठ्याच्या कठड्यावरचा वानर तुमच्या शेतात थोडाच येतो? खरे आहे, येत नाही. पण आमच्या गावाजवळच्या घाटातही एक मारुतीचे देऊळ आहे. शनिवारी तिथे गाड्या थांबतात. काचा खाली होतात, केळी बाहेर येतात, कुणी पोळ्या टाकते, कुणी फरसाण. ती टोळी मात्र आमचीच. माणसाच्या हातात खाणे असते हे ती तिथे शिकते आणि माणसाच्या शेतात येताना मग कशाला भ्यावे? पूर्वी डब्याच्या आवाजाने पळायचे, असे माय सांगते. आता डबा वाजला तर मान वळवून बघतात, कोण वाजवते आहे ते! गाडीवाल्याला पुण्य लागते, आणि त्याचा हिशेब आमच्या तुरीत होतो.

पुण्याची मी थट्टा करत नाही. माझी मायसुद्धा शनिवारी मारुतीला तेल घालते आणि त्याच हाताने रविवारी गोफण फिरवते. तीन वर्षांपूर्वी आमच्या गावात विजेच्या तारेला चिकटून एक हुप्प्या मेला. त्या दिवशी कुणी शेतात गेले नाही. हळद-कुंकू वाहून, टाळ वाजवत त्याला नेले. खड्डा माझ्या बाबांनी खणला. ज्याच्यामागे ते आयुष्यभर काठी घेऊन धावले त्याच्यासाठी! बसमध्ये मला 'क्रूर' म्हणणाऱ्या मैत्रिणीला खरे तर हे सांगायचे होते. आमचे वानराशी भांडण आहे, पण नातेही आहे. ते एका दुपारचे नाही, एवढेच.

उलट बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर हा लेख आमच्या गावाची वकिली होईल. सगळेच मायसारखे नेम धरत नाहीत. दगड डोळ्याला लागलेला, हात मोडलेला वानर मी पाहिला आहे. कुंपणात वीज सोडणारेही लोक असतात, आणि त्यात वानर काय, माणूसही मरतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वानराला मारण्यास मनाई आहे, आणि ती असलीच पाहिजे असे मला वाटते. पिकाच्या नुकसानीला भरपाई मिळते म्हणतात; पण तीन ओळी तुरीसाठी अर्ज, फोटो, पंचनामा यांत बाबांची दोन दिवसांची मजुरी जाते, म्हणून ते कधी गेले नाहीत. त्यामुळे 'वानरांवर प्रेम करा' असे कुणी सांगितले की मला विचारावेसे वाटते, कुणाच्या खर्चाने?

"रानात त्यांना खायला उरले नाही, म्हणून द्यावे लागते," असेही बसमध्ये कुणी म्हणाले होते. या मुद्द्यापुढे मी अडले. कारण तो अर्धा खरा आहे. आमच्या रस्त्याचे रुंदीकरण झाले तेव्हा दोन्ही बाजूंचे वड आणि चिंचा गेल्या. त्या वडांवर फळे धरली की टोळी दिवसच्या दिवस तिथे असायची आणि शेताकडे फिरकायची नाही, हे मला लहानपणचे आठवते. वड पाडताना बिस्किटवाल्यांपैकी कुणी थांबून 'अरेरे' म्हटल्याचे मला आठवत नाही. आम्हीही म्हटले नाही, सावली गेली एवढेच म्हटले. द्यायचेच असेल तर उंबर, वड, पिंपळ द्यावा. पण उंबराला फळ यायला वर्षे लागतात आणि लावणाऱ्याचा फोटो वानराबरोबर निघत नाही, ही त्यातली अडचण!

मग काय, वानर पाहूच नयेत? उलट, पाहावेत. अर्धा तास काय, अर्धा दिवस पाहावेत. मी तर म्हणते, अजिंठ्याला जाणाऱ्या प्रत्येकाने कठड्यापाशी थांबावे. फक्त हात रिकामे ठेवावेत, पिशवीचे तोंड बांधलेले असावे आणि मध्ये चार-पाच हात अंतर असावे. ते पिल्लू एका मावशीकडून दुसरीकडे गेले तेव्हा अजून कुणी बिस्किटांचा पुडा फोडला नव्हता. तो फोडल्यावर मावश्या उठल्या, आई उठली, हुप्प्याने दात दाखवले, सगळे आमच्या हाताकडे बघू लागले. त्यानंतर तिथे पाहण्यासारखे काही उरले नाही. आम्ही बिस्किट दाखवून खेळ मोडला आणि वर त्याचेच फोटो काढले. सतराव्या लेण्यातला तो जखमी वानर फांद्याफांद्यांनी, वरून चालत वाट दाखवतो, तेवढे अंतर मला हल्ली बरोबर वाटते. त्याला ते रक्त सांडल्यावर कळले होते.

माझा तो फोटो अजून मोबाइलमध्ये आहे. काढून टाकावा असे दोनदा मनात आले; पण पिल्लाचे कान त्यात स्पष्ट आले आहेत.

सहलीनंतर आठ दिवसांनी मी मायबरोबर माळ्यावर बसले होते. टोळी उतरली. मी म्हटले, "माय, दोन मिनिटं थांब, मारू नको, मला बघायचंय." ती खरोखर थांबली. दोघी बसून पाहत होतो. एका मादीच्या पोटाशी पिल्लू होते, पण ते आता राखाडी व्हायला लागले होते. मी मायला कान दाखवले. ती म्हणाली, "मला काय दाखवती, मी रोज बघते." तेवढ्या वेळात अर्धी ओळ गेली. मग ती उठली आणि तिने गोफणीत दगड घातला.

त्या रात्री मी तिला म्हटले, "एकदा लेणी बघायला चल. मी नेते. तिथे भिंतीवर वानरांची चित्रं आहेत, दीड हजार वर्षांपूर्वीची."

"येईन की," ती म्हणाली. "तूर निघू दे, हरभरा निघू दे. अन् तोवर राखणीला कोण बसंल, तू?"